शून्य रिपोर्ट आला म्हणून लगेच टेस्टोस्टेरॉन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत तुम्ही वंध्यत्वावर पानभर लेख छापलात. पीसीओडी आलं, ट्यूबा आल्या, थायरॉइड, वजन, ताणतणाव सगळं आलं, आणि पुरुषांसाठी अगदी तळाला चार ओळी, त्यातही काय तर घट्ट पँट घालू नका आणि लॅपटॉप मांडीवर ठेवू नका. क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, कारणांबद्दल एक अक्षर नाही. मी क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या माणसाची बायको आहे, शिवाय डी.फार्म. करून बरीच वर्षं मेडिकलच्या काउंटरवर बसते, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. हे पत्र आमच्या ह्यांना वाचून दाखवलंय, ते म्हणाले पाठव बिनधास्त, फक्त नाव घालू नको.

आधी हे आहे काय ते. पुरुषाच्या शरीरातल्या पेशीत ४६ क्रोमोसोम असतात, त्यात एक एक्स आणि एक वाय. ह्यांच्यात ४७ आहेत, एक एक्स जास्तीचा, म्हणजे एक्सएक्सवाय. बॉस्टनच्या डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये अशा नऊ पुरुषांची लक्षणं लिहून काढली म्हणून त्यांचं नाव लागलं, पण मूळ कारण जास्तीचा एक्स आहे हे १९५९ मध्ये एडिनबराला पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांनी दाखवलं. साधारण सहाशे-साडेसहाशे मुलग्यांमागे एकाला हे असतं. म्हणजे आमच्या बार्शीसारख्या लाख-सव्वा लाखाच्या गावात हिशोबाने ऐंशी-नव्वद जण तरी असायला हवेत, आणि मला माहीत असलेला एकच, तो पण माझ्याच घरातला. बाकीचे कुठे गेले? कुठे जातायत, इथेच आहेत, त्यांना स्वतःलाच माहीत नाही. बहुतेकांना जन्मभर कळतच नाही कारण माणूस चांगला धडधाकट असतो, नोकरी-धंदा करतो, लग्न होतं, संबंध व्यवस्थित असतात, आणि मूल होत नाही म्हणून कुणीतरी शेवटी तपासतं तेव्हा हे बाहेर येतं. वीर्यात एकही शुक्राणू नाही असा रिपोर्ट येणाऱ्या दर दहा पुरुषांमध्ये साधारण एक जण हा असतो.

आणि हे कुणाच्या घराण्यातून आलेलं नसतं. बीज तयार होताना क्रोमोसोम वाटले जातात त्या वाटणीत एक एक्स चुकून जास्त जातो, कधी आईकडून कधी बापाकडून, जवळपास निम्मं-निम्मं. सासूबाई कितीतरी दिवस स्वतःलाच बोल लावत होत्या की ह्यांच्या वेळी ग्रहण नीट पाळलं नाही म्हणून. त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं, पटलं की नाही देव जाणे पण निदान तो विषय थांबला.

आता आमच्याकडे जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण हेच घरोघरी होतं. माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या. सोनोग्राफ्या, हार्मोन, ट्यूबांचा तो रंग सोडून काढतात तो एक्सरे (ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे काय दुखतं ते), दुर्बिणीतून तपासणी पण झाली, आणि ह्यांची सीमेन टेस्ट, जी सगळ्यात स्वस्त आणि ज्यात काहीच दुखत नाही, ती सगळ्यात शेवटी. रिपोर्टवर 'निल'. मग रक्त तपासलं तर टेस्टोस्टेरॉन कमी. झालं, डॉक्टर म्हणाले टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून शुक्राणू नाहीत, आपण इंजेक्शनचा कोर्स करू, ताकद येईल. डॉक्टरांचं नाव घेत नाही, गाव पण सांगत नाही, पण डिग्री मोठी होती.

मी इंजेक्शन दुकानातूनच आणलं आणि घरी डब्यातली ती घड्या घातलेली चिठ्ठी काढली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरातली, जी कुणीच वाचत नाही. त्यात सरळ लिहिलेलं की या औषधाने शुक्राणू तयार होणं दबू शकतं. ह्यांना म्हटलं थांबा, ही सुई आपण घेत नाही, आधी दुसऱ्या माणसाला विचारू.

हे असं का होतं ते प्रत्येक नवरा-बायकोला माहीत पाहिजे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी म्हणून ग्रंथी असते, ती एलएच आणि एफएसएच ही हार्मोन सोडून वृषणांना सांगते की काम करा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की पिट्युटरीला वाटतं रक्तात भरपूर आहे, ती सांगणंच बंद करते. रक्तातला आकडा छान दिसतो, माणसाला तरतरी येते, आणि वृषणाच्या आत जे काही थोडंफार चालू असेल ते पण बंद पडतं. क्लाइनफेल्टरमध्ये आधीच वृषणाचा बराचसा भाग सुकलेला असतो, कुठेतरी एखाद-दुसऱ्या कोपऱ्यात शुक्राणू बनत असले तर असले, आणि आपण नेमका तोच कोपरा बंद करतो. मग वृषणातून शुक्राणू शोधून काढायच्या ऑपरेशनच्या आधी इंजेक्शन काही महिने थांबवायला लागतात आणि तरी सगळं पूर्वीसारखं होईलच असं नाही. जिममधली पोरं बॉडीसाठी हीच इंजेक्शनं कुठून कुठून आणून टोचून घेतात, त्यांचं पण हेच होतं, पण तो वेगळा विषय.

म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाईट का, तर अजिबात नाही. एक्सएक्सवाय पुरुषांपैकी बऱ्याच जणांना पुढे ते कायमचं घ्यावं लागतं, हाडं ठिसूळ होऊ नयेत, रक्त आणि स्नायू नीट राहावेत, मूड आणि इच्छा टिकावी म्हणून. आमचे हे पण आता घेतात, जेल लावतात, आणि खरंच फरक आहे, संध्याकाळी घरी आल्यावर पूर्वी नुसते पडून असायचे. पण मूल हवं असेल तर आधी शुक्राणूंचा शोध आणि मगच टेस्टोस्टेरॉन, उलटं नाही. एवढी एक गोष्ट जरी तुमच्या लेखात असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

पुढे पुण्याला अँड्रॉलॉजिस्टकडे गेलो. बायकांसाठी जशी गायनॅक तसा पुरुषांसाठी हा डॉक्टर असतो, आणि आमच्या गावात तर मला एक सुद्धा सापडला नव्हता. त्यांनी ड्रॉवरमधून एक माळ काढली, अंड्याच्या आकाराचे लाकडी मणी, लहानापासून मोठ्यापर्यंत ओवलेले, प्रत्येकावर आकडा, एक मिलीपासून पंचवीस मिलीपर्यंत. एका हाताने वृषण चाचपायचं आणि दुसऱ्या हाताने माळेतला जुळणारा मणी शोधायचा. चांगल्या वाढलेल्या माणसाचं पंधरा-वीसच्या पुढे जातं, ह्यांचं सुरुवातीच्या मण्यांपाशीच थांबलं. डॉक्टर तिथेच म्हणाले कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोम बघायची रक्ताची टेस्ट, करून घ्या. म्हणजे इतक्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरने साधा हात लावून बघितलं असतं तरी कळलं असतं, ह्याचा मला अजून राग येतो.

कॅरिओटाइपसाठी रक्त हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात, लॅबमध्ये पेशी वाढवतात, त्यामुळे रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. त्यात फोटो असतो, क्रोमोसोमच्या जोड्या ओळीने लावलेल्या, आणि शेवटी जिथे एक मोठा एक्स आणि एक छोटा वाय असायला पाहिजे तिथे दोन एक्स आणि त्यांच्या शेजारी तो बारका वाय. ह्यांनी तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, चला, निदान कळलं तरी.

ही टेस्ट ऑपरेशनच्या आधीच करायची, नंतर नाही, कारण उत्तरावर पुढचा रस्ता ठरतो. काहींच्यात थोड्या पेशी ४६ च्या आणि थोड्या ४७ च्या अशी भेसळ असते, त्याला मोझेक म्हणतात, त्यांच्या वीर्यातच कधीकधी शुक्राणू सापडतात, मग ऑपरेशनची गरजच नाही. म्हणून तर 'निल' रिपोर्ट एकदा आला म्हणून धरून बसायचं नाही, पुन्हा द्यायचा, आणि लॅबला सांगायचं की नमुना सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे मशीनमध्ये जोरात फिरवून, तळाचा गाळ बघा. छोट्या लॅबवाले एक थेंब काचेवर बघतात आणि शून्य लिहून मोकळे होतात. दुसरीकडे काही पुरुषांच्यात दोन्ही एक्सच निघतात, वाय नसतोच, वायवरचा फक्त एक छोटा तुकडा एक्सला चिकटलेला असतो. त्यांच्या वृषणात शुक्राणू बनूच शकत नाहीत, त्यांचं ऑपरेशन म्हणजे उगाच चिरफाड. आणि वाय क्रोमोसोमचा बारीक तुकडा गळालाय का ह्याची पण वेगळी टेस्ट असते. वायवरच्या ज्या भागावर शुक्राणू बनणं अवलंबून असतं त्याला एझेडएफ म्हणतात, त्याचे ए, बी, सी असे तुकडे धरतात. एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गेला असेल तर शुक्राणू मिळत नाहीत असंच धरतात, फक्त एझेडएफ-सी गेला असेल तर बऱ्याच जणांना मिळतात, पण मुलगा झाला तर बापाचा तोच वाय त्याच्याकडे जाणार, हे आधी सांगितलं पाहिजे. ह्या टेस्ट न करता थेट ऑपरेशनची तारीख देणारे सेंटर आहेत, तिथून गुपचूप उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उपाय. पूर्वी एक्सएक्सवाय म्हणजे मूल शक्यच नाही असंच मानायचे. मग १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सी आणलं, म्हणजे एकच शुक्राणू सुईने उचलून थेट स्त्रीबीजात सोडायचा. त्यामुळे कोट्यवधी शुक्राणू लागत नाहीत, मोजके जिवंत मिळाले तरी पुरतात. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. पीटर श्लेगल यांनी मायक्रो-टेसे ही पद्धत मांडली. पूर्ण भूल देऊन वृषण मधोमध उघडतात आणि ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपखाली आतल्या नळ्या बघत जातात. सुकलेल्या नळ्या बारीक दिसतात, ज्यात काम चालू असेल ती नळी जरा फुगीर आणि पांढरट दिसते, तेवढीच उचलून शेजारच्या खोलीत एम्ब्रिऑलॉजिस्टकडे (लॅबमध्ये गर्भ तयार करणारा तज्ज्ञ) देतात, ते कुस्करून शोधतात. तासन् तास जातात. बाहेर बसणाऱ्याला ते तास कसे जातात ते काय सांगायचं, मी शेवटी शेजारच्या बाईचं स्वेटर विणायला घेतलं होतं. नुसती सुई टोचून काढायची पद्धत पण असते, स्वस्त पडते, पण क्लाइनफेल्टरमध्ये सुई आंधळेपणाने टोचून तो एक कोपरा सापडणं अवघडच, म्हणून मायक्रोस्कोपवाल्याकडेच जावं आणि त्याने अशा केसेस किती केल्यात हे तोंडावर विचारावं, लाजू नये.

मिळण्याचं प्रमाण काय तर शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस जणांना शुक्राणू मिळतात. इथपर्यंत सेंटरवाले आनंदाने सांगतात. पुढचं सांगत नाहीत, की ज्यांना मिळाले त्यांच्यातही प्रत्येकाला मूल होत नाही, गर्भ बनायला पाहिजे, रुजायला पाहिजे, टिकायला पाहिजे. सुरुवातीपासून हिशोब धरला तर शंभरातल्या पंधरा-वीस जोडप्यांच्या हातात मूल येतं. हा आकडा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पूर्वी तो शून्य होता, पण पैसे भरायच्या आधी हाच आकडा सांगितला पाहिजे. आम्हाला मिळाले नाहीत. डॉक्टर चांगले होते, बाहेर येऊन स्वतः सांगितलं, गोल गोल बोलले नाहीत. ऑपरेशननंतर टेस्टोस्टेरॉन अजून खाली जाऊ शकतं त्यामुळे तपासत राहायचं हे पण त्यांनीच बजावलं.

अजून एक भीती सगळ्यांना असते की मिळाले तरी मूल पण तसंच होईल का. आत्तापर्यंत अशा बापांना जी मुलं झाली ती बहुतेक सगळी नॉर्मल क्रोमोसोमची आहेत. धोका थोडा जास्त धरतात म्हणून गर्भ आत सोडायच्या आधी तपासायची सोय असते, कायद्याने पण क्रोमोसोमच्या दोषासाठी ती चालते, फक्त मुलगा की मुलगी हे सांगायचं नाही आणि विचारायचं पण नाही. हार्मोनच्या गोळ्या किंवा एचसीजी नावाच्या हार्मोनची इंजेक्शनं ऑपरेशनच्या आधी काही डॉक्टर देतात, काही देत नाहीत, नक्की फायदा होतोच असं कुणी छातीठोक सांगत नाही. अश्वगंधा, शिलाजित आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरचे वैद्य ह्यांच्याबद्दल मी काय बोलू, काउंटरवर वाकून दबक्या आवाजात शक्तीचं काहीतरी द्या म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात. एवढंच सांगते, जास्तीचा एक्स कुठल्याही चूर्णाने जात नाही.

खर्चाचं म्हणाल तर ऑपरेशन, माझी इंजेक्शनं, आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करणं) मिळून लाखांत जातं आणि बहुतेक पॉलिसींत विमा एक रुपया देत नाही. पॉलिसीच्या कागदात बघा, एक्सक्लुजन (म्हणजे विम्यात न बसणारं) कोड १७, वंध्यत्व, सगळ्या कंपन्यांचा तोच. गोव्यात २०२३ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आयव्हीएफ मोफत सुरू केलं, छोटं राज्य आहे पण केलं. आणि आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली, तेही महापालिकेच्या हॉस्पिटलात, आणि आम्हाला सोलापूर जिल्ह्यातून कॅरिओटाइपसाठी सुद्धा खाजगी लॅबकडे जायला लागलं.

शुक्राणू मिळाले नाहीत तर डोनर, म्हणजे दुसऱ्या पुरुषाने दिलेले शुक्राणू. इथे घरातली माणसं मध्ये पडतात. आमच्या एका आत्याबाईंनी सरळ सुचवलं, बाहेरचं कशाला, दिराचं घ्या की, रक्त तरी आपलंच. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून हसून सोडलं, पण २०२१ च्या एआरटी कायद्याने (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) हे चालतच नाही. शुक्राणू नोंदणी असलेल्या बँकेतूनच घ्यायचे, देणारा २१ ते ५५ वयाचा, त्याचं नाव तुम्हाला कळणार नाही, तुमचं त्याला नाही, एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासून मगच, आणि एका डोनरचे एकाच जोडप्याला. दोघांची लेखी संमती लागते. होणारं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, इस्टेटीपासून सगळे हक्क, डोनरचा काही संबंध नाही. बायकोचं सगळं ठीक असेल तर डोनरचे शुक्राणू घेऊन साधं आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, पण होतं, त्याला आयव्हीएफचे लाख लागत नाहीत. पण मायक्रो-टेसेच्या आधीच डोनरचा फॉर्म पुढे सरकवणारी सेंटर आहेत, कारण त्यांना ते सोपं पडतं, आणि नवऱ्याला बिचाऱ्याला कळत पण नाही की त्याच्यासाठी एक पायरी मध्ये होती.

दत्तकाचं सगळं 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवरून होतं. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, दोघांच्या वयाची बेरीज बघतात, दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर ती बेरीज ८५ च्या आत पाहिजे, आणि रांग वर्षानुवर्षांची आहे. म्हणून उपचार सगळे संपल्यावर नाव घालू असं करत बसलं की वय निघून जातं. डोनर, दत्तक, की दोघंच राहायचं, ह्यातलं आम्ही काय ठरवलं ते मी इथे लिहित नाही, ते आमच्या दोघांचं आहे. नातेवाईकांना पण मी हेच सांगते.

ज्यांच्या घरात वयात येणारा मुलगा आहे त्यांनी जरा लक्ष द्या. उंची खूप, हातपाय लांब, दाढी-मिशी येत नाही, छाती वाढल्यासारखी दिसते, लहानपणी बोलायला उशीर, शाळेत वाचायला-लिहायला अडखळतो, ह्यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर वाट बघू नका, एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला, दाखवा. सगळ्यांच्यात सगळं दिसत नाही, ह्यांना छातीचं काही नव्हतं, फक्त उंची, आणि उंच जावई म्हणून आमच्याकडे सगळे खूशच होते. त्या वयात कळलं तर अभ्यासाला मदत मिळते, आणि टेस्टोस्टेरॉन सुरू करायच्या आधी वीर्याचा नमुना तपासून शुक्राणू सापडलेच तर गोठवून ठेवता येतात. त्या वयात ऑपरेशन करावं की नाही ह्यावर डॉक्टरांत एकमत नाही, बहुतेक जण थांबाच म्हणतात.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत एखाद्या अँड्रॉलॉजिस्टला लिहायला सांगा, आणि लेखासोबत फोटो छापाल तेव्हा दरवेळी खिडकीत उदास बसलेली बाईच नको, एखादा पुरुष पण बसवा. पत्र फार लांबलंय माहीत आहे, जागेप्रमाणे काटछाट करा, आत्याबाई कापल्या तरी चालतील, फक्त टेस्टोस्टेरॉनचं जे लिहिलंय त्यातलं एक वाक्य कापू नका.

आपली,
एक वाचक
बार्शी, जि. सोलापूर
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये)